चार एकर अकरा गुंठे

आमच्या मळ्यात विहिरीजवळ एक विटांची खोली आहे, वर पत्रा. औषधं, ब्लोअर, जुने पाइप, सगळं तिथंच असतं. त्या खोलीच्या भिंतीवर कोळशाने आणि खडूने आकडे लिहिलेले आहेत. सगळ्यात वर लिहिलंय ‘४ एकर ११ गुंठे’ आणि त्यावर आडवी रेघ मारलीय. येणारा जाणारा विचारतो, नाना, हे काय? मी म्हणतो, हिशोब आहे जुना. आजवर एवढ्यावरच भागवलं. पण आता साठी उलटून चार वर्षं झाली, तेव्हा तो हिशोब सांगून टाकलेला बरा.

आम्ही निफाड तालुक्यातले. १९७७ साली मी दहावी झालो आणि दप्तर ठेवून दिलं. तेव्हा आमच्याकडं एक एकर द्राक्षबाग होती, त्यात थोडी अनाबेशाही आणि थोडी भोकरी. थॉमसन नंतर आली. फवारणीला पायपंप असायचा. एकानं उभं राहून पायानं दांडा दाबायचा, दुसऱ्यानं नळी धरून ओळीतनं फिरायचं. दाबायचं काम माझ्याकडं आणि नळी आबांकडं, म्हणजे वडिलांकडं.

औषध म्हणजे मुख्य बोर्डो. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी. मोरचूद एका मातीच्या रांजणात विरघळायचा, चुना दुसऱ्यात. मग ढवळत ढवळत मोरचुदाचं पाणी चुन्याच्या पाण्यात ओतायचं. आकाशी रंगाचं दाट पाणी तयार व्हायचं. एवढं झालं की आबा विळा मागायचे. घासून लख्ख केलेला विळा त्या पाण्यात बुडवून थोडा वेळ धरायचा आणि वर काढून बघायचा. पात्यावर तांबूस थर आला तर मोरचूद मोकळा राहिलाय, पानं जळणार, म्हणून आणखी चुना घालायचा. थर आला नाही तर पंप भरायचा.

मी म्हणायचो, आबा, वजन करून घातलंय ना दोन्ही? मग विळा कशाला? ते म्हणायचे, “चुना कोणत्या भट्टीचा, किती दिवस पडलेला, ताजूक सांगतो व्हय?” ताजूक म्हणजे तराजू. दर वेळी विळा बुडवायचे. दहावी शिकलेल्या मला तो येडेपणा वाटायचा.

पुढं सगळं बदललं. पायपंप गेला, पेट्रोलचा पंप आला, मग ट्रॅक्टरमागचा ब्लोअर आला. थॉमसनची चार एकर बाग मी स्वतः आखली. चव्वेचाळीस ओळी, प्रत्येक ओळ चारशे चाळीस फूट, दोन ओळींत नऊ फूट अंतर. गुणाकार करून बघा, बरोबर चार एकर येतं. खुंट्या मी ठोकल्या, दोरी मी धरली. हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढं हाच हिशोब मी विसरलो.

ब्लोअर चालवायला आमच्याकडं एक गडी होता, पेठकडचा. पंचविशीत आला आणि नऊ वर्षं राहिला. नाव लिहीत नाही, त्यानेच तसं सांगितलंय. घरात लहानथोर सगळे त्याला भाऊ म्हणायचे. तो मला नाना आणि आमच्या घरच्यांना आई म्हणायचा. ट्रॅक्टर असा चालवायचा की ओळीतली एक काडी मोडायची नाही. औषध मिसळताना बाटलीचं झाकण दोनदा धुऊन टाकीत ओतायचा. त्याच्याकडं बघून मी निर्धास्त झोपायचो.

२०२१ च्या ऑक्टोबर छाटणीआधी मुलाने नवा ब्लोअर घेतला. टाकी ६०० लिटरची, नोझल दहा, आणि ट्रॅक्टरवर बसायच्या जागेपुढं एक डबा. कागदावर त्याचं नाव रेट कंट्रोलर. आमच्यात तो डबाच. एकराला किती पाणी मारायचं तो आकडा त्यात भरायचा. ट्रॅक्टर हळू झाला की डबा पाणी कमी सोडणार, जोरात गेला की जास्त. एकराला पडायचं तेवढंच पडणार. वर किती लिटर उडालं आणि किती एकर झालं, तेही काचेवर दाखवणार. मुलगा म्हणाला, “नाना, आता अंदाज बंद.” मला पण बरं वाटलं. द्राक्षवाल्याला अंदाजाची भीती असते. २०१० साली क्लोरमेक्वाटच्या अंशापायी आपली द्राक्षं युरोपात अडकली, तेव्हा भल्याभल्यांची झोप उडालेली मी बघितलीय. तेव्हापासून एकराला किती आणि काढणीआधी किती दिवस, हे आम्ही पोथीसारखं वाचतो.

डबा बसवायला दुकानातनं एक पोरगा आला. मागच्या चाकाला त्यानं लोहचुंबकाचे सहा तुकडे लावले, बाजूला एक वायर आणली. गावच्या डांबरी रस्त्यावर रिकामी टाकी घेऊन शंभर मीटर चालवलं, बटणं दाबली, सोबतच्या चिठ्ठीवरचा एक आकडा भरला आणि म्हणाला, झालं. चहा पिऊन गेला. तासाभराचं काम.

छाटणी झाली, बाग फुटली, पोंगे निघाले, आणि त्याबरोबर डाऊनीचे दिवस आले. एक दिवसाआड फवारणी. पानं वाढली तसं आम्ही एकरी ४०० लिटरवर आलो. म्हणजे चार एकराला १६०० लिटर, दोन टाक्या भरून आणि तिसऱ्या खेपेला ४०० लिटर. टाकीमागं दीड एकराचं औषध.

पहिल्याच फवारणीला भाऊ परत आला, “नाना, औषध कमी पडलं. आठ वळी ऱ्हायल्या.”

मी म्हटलं, असं कसं? बाटल्या मी मोजून दिल्यात. तो म्हणाला, टाकी लवकर संपती. मी आणखी औषध दिलं. पुढच्या वेळी परत तेच. तिसऱ्या वेळी मी मुलाला म्हटलं, तुझा डबा काय म्हणतो बघ. मुलानं बघून सांगितलं, “डबा म्हणतो, चार एकर अकरा गुंठे मारलं. पाणी १७१२ लिटर.”

आणि भरलं होतं किती? तीन टाक्या पुऱ्या आणि वर १२० लिटर. म्हणजे १९२०. डब्यातनं गेलं १७१२. दोनशे आठ लिटर औषधाचं पाणी कुठं गेलं? आणि बाग चार एकर असताना हे वरचे अकरा गुंठे कोणाचे?

वळणावर उगीच मोजत असेल, असं एकदा मनात आलं. मुलगा म्हणाला, वळणावर फवारा बंद केला की मोजणी पण बंद होते. मग राहिला एकच अर्थ. आमच्या बांधाला लागून एका म्हाताऱ्या बाईची अर्धा एकर बाग आहे. नवरा नाही, ब्लोअर नाही, भाड्याने सांगायला पैसे नाहीत. भाऊ तिच्याकडं कधी पाणी प्यायला थांबायचा. मी मनातल्या मनात जुळवून टाकलं. हा माझ्या औषधाने तिची बाग मारतोय, पैशाने म्हणा नाहीतर दयेने. टाकीतलं थोडं तर डबा बंद ठेवूनच.

खरं तर बांधावर उभा राहून नुसतं बघितलं असतं तरी समजलं असतं. माझ्या बागेत पानापानावर औषधाचा डाग होता, तिच्या बागेत बांधाला लागूनच्या पहिल्या ओळीपासून डाऊनीचे तेलकट ठिपके होते. पण ज्याला चोर दिसायला लागतो त्याला पानं दिसत नाहीत.

नोव्हेंबरातल्या एका सकाळी, थिनिंगच्या बायका आलेल्या, त्यांच्यासमोर मी त्याला विचारलं. नीट विचारलं असतं तरी एक गोष्ट. मी आवाज चढवून म्हटलं, “माझी बाग चार एकर. ही अकरा गुंठे कोणाची मारतोस?”

तो आधी गोंधळला. मग म्हणाला, “नाना, मी चव्वेचाळीस वळी मारल्या. डबा काय म्हणतो मला ठावं नाय. टाकी भरताना तुमीच होते.”

मी म्हटलं, “डब्याला खोटं बोलून काय मिळणार आहे?”

या वाक्याचा अर्थ त्याला कळला. बायकांनी माना खाली घातल्या. त्याने खिशातनं ट्रॅक्टरची किल्ली काढली, ओट्यावर ठेवली, हातपाय धुतले आणि चालू लागला. आमच्या घरच्या म्हणाल्या, “नऊ वर्षं आपल्यात जेवलाय तो. थांबवा.” मी थांबवलं नाही. हिशोबाचा पगार दुसऱ्या दिवशी त्याच्या गाववाल्याबरोबर पाठवला. त्याने तो घेतला, निरोप काही दिला नाही.

ऐन हंगामात ट्रॅक्टरवाला मिळेना, म्हणून मुलगा स्वतः बसला. पहिली फवारणी करून संध्याकाळी घरी आला. तोंड धुतलं, माझ्यासमोर बसला आणि बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “नाना, आज पण चार एकर अकरा गुंठे.”

मी विचारलं, टाक्या? तो म्हणाला, तीन, वर १२० लिटर.

त्या रात्री जेवण गेलं नाही. पहाटे उठून खोलीत गेलो. आबांचा विळा तिथं खुंटीला होता, गंजलेला. आबा जाऊन बरीच वर्षं झाली. त्या विळ्याकडं बघताना मला पहिल्यांदा कळलं की आबा चुन्यावर संशय घेत नव्हते, मोरचुदावर पण नाही. आपल्या हाताने मोजलेलं बरोबरच असणार, या समजुतीवर ते विश्वास ठेवत नव्हते. मी डबा घेतला, पण डब्याला बुडवायचा विळा कोणता, ते कोणालाच विचारलं नाही.

सकाळी मुलाला उठवलं. म्हटलं, टेप घे, बादल्या घे, आईकडून दुधाचं मापी भांडं घे. आज औषध नाही, नुसतं साधं पाणी.

आधी चाक धरलं. बागेतल्या ओळीत, जिथं रोज ट्रॅक्टर चालतो तिथंच, टेपने शंभर मीटर मोजून दोन्ही टोकांना खुंट्या ठोकल्या. टाकी अर्धी भरली. चाकात हवा रोजची. डांबरी रस्त्यावर शंभर मीटरला चाकाचे २०० ठोके पडले होते आणि डब्याच्या पोटात तोच आकडा होता. बागेत तेवढ्याच अंतराला ठोके पडले २१४. परत केलं, परत २१४.

कारण साधं आहे. ठिबकची ओल, त्यात रोटर मारलेली भुसभुशीत जमीन, मागं सहाशे लिटरचं ओझं. मागचं चाक थोडं घसरतं. फिरतं तेवढं पुढं जात नाही. डब्याला मात्र चाकाची फेरीच दिसते. शंभर मीटर गेलो की त्याला वाटायचं एकशे सात गेलो. त्याच्या लेखी आमची चार एकर बाग चार एकर अकरा गुंठे झाली ती अशी. आणि ट्रॅक्टर जोरात चाललाय समजून पाणीही तेवढंच जास्त सोडत होता. घड्याळ लावून बघितलं. शंभर मीटरला दीड मिनिट लागलं, म्हणजे ताशी चार किलोमीटर. डब्याची काच दाखवत होती ४.३.

मग पाणी धरलं. पाइपात एक छोटी भिंगरी असते. पाणी गेलं की ती फिरते, आणि तिच्या फेऱ्यांवरनं डबा लिटर मोजतो. ट्रॅक्टर जाग्यावर उभा केला, टाकी गळ्यापर्यंत खुणेला भरली, डबा हातच्या बटणावर घेतला आणि बरोबर पाच मिनिटं फवारा सोडला. डबा म्हणाला ८५ लिटर. मग मापी भांड्याने टाकी परत त्याच खुणेला भरली. भांड्यामागं भांडं, मुलगा ओततोय, मी कोळशाने भिंतीवर रेघा मारतोय. रेघा मोजल्या, ९५ लिटर.

भिंगरी खोलली. गंधकाची पावडर आणि औषधांचा गाळ बसून तिच्यावर पिवळट लेप चढला होता. ती जड फिरत होती. दहा लिटर पाणी तिच्या हातावर तुरी देऊन जात होतं, आणि डबा कमी पडतंय समजून आणखी सोडत होता.

दोन्ही चुका एकाच बाजूच्या निघाल्या. चाकाने सात टक्के वाढवलं, भिंगरीने बारा टक्के. ४०० ला १.०७ ने गुणा, परत १.१२ ने गुणा. ४८० येतं. एकराला ८० लिटर जास्त, चार एकराला ३२०. १६०० अधिक ३२०, म्हणजे १९२०. तीन टाक्या आणि वर १२० लिटर. भाऊने भरलं होतं तेवढंच, थेंब इकडचा तिकडं नाही.

हा गुणाकार मी भिंतीवर केला. उत्तर आलं तेव्हा हातातला कोळसा तसाच राहिला. मुलगा पण बोलला नाही.

तिसरं काम नोझलचं. ते राहिलं असतं, पण मुलगा म्हणाला आता धरलंच आहे तर पुरं करू. दहाही नोझलना तोंडाशी पाइपाचे तुकडे बांधले, खाली बादल्या ठेवल्या, एक मिनिट फवारा सोडला आणि एकेक बादली मोजली. सगळ्यांची बेरीज १९ लिटर, म्हणजे प्रत्येकी सरासरी १.९. पण खालच्या एका नोझलचं २.४ आणि वरच्या एकाचं १.५. खालच्या चकत्यांची भोकं पावडरीने झिजून मोठी झालेली, वरच्याची जाळी तुंबलेली. हे डब्याला कधीच कळलं नसतं, कारण त्याला फक्त बेरीज कळते. चकती झिजली की तो दाब कमी करून बेरीज जुळवतो आणि काचेवर आकडा बरोबर दाखवतो. दाब कमी झाला की थेंब मोठे होतात, पानावर टिकत नाहीत, ओघळतात. खालचे घड न्हातात आणि वरची पानं कोरडी राहतात. नव्यापेक्षा दहा टक्के जास्त पाणी द्यायला लागलं की चकती बदलायची, असा नियम आहे. पितळेची लवकर झिजते, सिरॅमिकची जास्त टिकते. आम्ही सगळ्याच बदलल्या.

मग डब्यातले आकडे बदलले. इथं माझी दहावी उपयोगाला आली, ती म्हणजे त्रैराशिक. चाकाचे ठोके २०० च्या जागी २१४. भिंगरी आधी धुतली, जाळी साफ केली, परत पाच मिनिटं सोडून मोजलं. तरी थोडा फरक होता. मग चिठ्ठीवरचा जुना आकडा, म्हणजे एका लिटरला भिंगरीचे ठोके किती तो, घेतला. त्याला डबा म्हणतो त्या लिटरने गुणलं आणि खरं निघालेल्या लिटरने भागलं. तो नवा आकडा भरला. परत मोजलं, जमलं. दुसऱ्या दिवशीच्या फवारणीला डबा म्हणाला चार एकर, आणि टाकीने पण तेच सांगितलं. औषधाची एक बाटली जास्त लागली नाही.

ज्यांच्याकडं डबा नाही त्यांनीही हे करावं, त्याला काही लागत नाही. नऊ फुटाच्या लागवडीत एक एकर फवारायला ट्रॅक्टर ४८४० फूट चालतो. शंभर फूट मोजून घड्याळ लावा. २७ सेकंद लागले तर एकराला जवळजवळ २२ मिनिटं लागणार. सगळ्या नोझलचं एका मिनिटाचं पाणी बादल्यांत मोजा. १८ लिटर भरलं तर २२ गुणिले १८, म्हणजे एकराला ३९६ लिटर. हा आकडा मनातल्या आकड्याशी जुळतो का बघा. न जुळला तर गिअर, दाब किंवा चकती बदला. मात्र टाकीत साधं पाणीच पाहिजे आणि तेही टाकी तीनदा धुतल्यावर. पीटीओ चालू असताना सैल कपडे आणि लहान पोरं लांब ठेवा.

त्या वर्षी आमचा अंशाचा रिपोर्ट पास झाला. चूक लवकर सापडली म्हणून, नाहीतर काय झालं असतं सांगता येत नाही. जीएच्या पहिल्या दोन फवारण्या मात्र त्या चुकीत सापडल्या. जीए म्हणजे शंभर लिटरला एक ग्रॅम टाकलं की दहा पीपीएम, इतकं नाजूक काम. टाकीतलं प्रमाण बरोबर होतं, पण घडावर पाणीच जास्त पडलं. घड लांबट आणि मोकळे झाले, वजनात थोडं बसलं. ते मी सहन केलं. सहन झालं नाही ते वेगळंच.

एकरी ऐंशी लिटर जास्त, ते पडलं कुठं? काही पानावर, काही जमिनीवर. आणि काही ट्रॅक्टरवर बसलेल्या माणसावर. आमच्या ट्रॅक्टरला केबिन नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन वीसच्या वर शेतकरी-मजूर गेले, तेव्हा मी भाऊला नवीन मास्क आणून दिला होता आणि स्वतःवर खूश झालो होतो. आणि याच माणसाच्या अंगावर महिनाभर जास्तीचं औषध उडवून, वर त्याला चोर म्हणालो.

डिसेंबरात एक दिवस काढून पेठला गेलो. सावळघाट मागं टाकून पेठच्या पुढं त्याचा पाडा. मुलगा म्हणाला मी येतो. मी म्हटलं, नको. खळ्यावर नागली झोडायचं काम चालू होतं. त्याने मला बघितलं, हातातलं काम संपवलं, मग आला. त्याच्या बायकोने कोरा चहा दिला. त्याचा म्हातारा बाप खाटेवर होता, तो मला नमस्कार करायला उठायला लागला. मला लाज वाटली.

मला माफी मागता आली नाही, नुसते आकडे सांगत बसलो. २०० चे २१४, ८५ चे ९५, गुणाकार करून १९२०. तो ऐकत होता. सगळं झाल्यावर मी म्हटलं, “तू भरलं तेवढंच निघालं बघ. माझं चुकलं.”

तो म्हणाला, “नाना, मी पयल्याच दिशी बोललो होतो. टाकी लवकर संपती. तुमी डब्याला इचारलं. मला इचारलंच नाय.”

यावर बोलण्यासारखं माझ्याकडं काही नव्हतं. निघताना त्याने नागलीचं पीठ बांधून दिलं. मी येतोस का विचारलं नाही आणि तोही येतो म्हणाला नाही. त्या हंगामात तो आलाच नाही. घाटाखाली दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर गेला असं कळलं.

येताना गावात शिरायच्या आधी त्या म्हाताऱ्या बाईकडं थांबलो. तिच्यावर काय आळ घेतला होता ते तिला माहीत नव्हतं, थिनिंगच्या बायकांनी सांगितलं असलं तर तिने दाखवलं नाही. त्या वर्षीपासून आमचा ब्लोअर बागेत शिरला की तिच्या ओळी पण मारून येतो. औषधाचे पैसे ती देते, घेतले नाहीत तर चिडते. थिनिंगच्या बायकांनाही मी पुढच्या आठवड्यात एकत्र बसवून खरं काय ते सांगितलं. ज्यांच्यासमोर बोललो होतो त्यांच्यासमोरच सांगायला पाहिजे होतं. एक जण म्हणाली, “आमाला ठावं होतं, नाना.”

पुढच्या वर्षी छाटणीच्या आठ दिवस आधी भाऊ आला. पिशवी ओट्यावर ठेवली आणि किल्ली कुठंय विचारलं. मी आणून दिली. तो थेट खोलीकडं गेला, बादल्या काढल्या, टेप मागितला. भिंतीवरचा वरचा आकडा वाचला. मी तेव्हा म्हटलं, पुसून टाकतो. तो म्हणाला, “ऱ्हाऊ द्या.” आणि कोळशाने त्यावर एक आडवी रेघ मारली.

तेव्हापासून दर हंगामाला दोनदा हे काम होतं. छाटणी झाल्यावर एकदा आणि फुलोऱ्याच्या आधी एकदा. टायर बदललं, नाहीतर जमीन फार ओली असली, तर मधेच आणखी एकदा. शंभर मीटर, पाच मिनिटं, दहा बादल्या. दीड-दोन तास जातात. आकडे तोच लिहितो, तारखेसहित. मुलाने मोबाइलमध्ये टिपायची सोय दाखवली, पण भिंत चालूच आहे.

यंदा फुलोऱ्याच्या आधीचं मोजमाप झालं तेव्हा मी तिथं नव्हतो, बाजाराला गेलो होतो. संध्याकाळी खोलीत जाऊन बघितलं तर नवी ओळ लिहिलेली. चाक २१३. पाणी ९५ ला ९२. खाली त्याच्या अक्षरात दोनच शब्द, ‘भिंगरी धुतली’. आणि त्याखाली परत मोजलेला आकडा, ९५ ला ९५.